निळ्या पायांच्या कोंबड्या

१८ नोव्हेंबर, मंगळवार

"मायाच्या हातात जिवंत काही देऊ नका."

विठाताई हे म्हणाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि मी नऊ. येत्या जानेवारीत त्याला छत्तीस वर्षं होतील. ताई दिवसाआड फोनवर अर्धा तास बोलते, त्यातलं मला संध्याकाळपर्यंत काही आठवत नाही. हे एक वाक्य मात्र तिच्या त्या वेळच्या चिरक्या आवाजासकट जसंच्या तसं आहे.

आज ते आठवलं जिवलीमुळे. जिवली दर मंगळवारी बारवी रस्त्यावरच्या तिच्या वाडीतून भाजीची पाटी घेऊन इथे बदलापुरात, कात्रपला येते आणि परत जाताना आमच्या पायरीवर चहा पिते. आज पाटी रिकामी होती. तिच्या मीनाला आठवा महिना लागलाय, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हटलंय, म्हणून जिवली मुरबाडकडे लेकीच्या घरी चाललीय. दोन-अडीच महिने तरी.

"माझ्या कोंबऱ्या तुझ्याकडं ठेव, बाय," ती म्हणाली. "पाच कोंबऱ्या न येक कोंबरा. घरी नवऱ्यावर टाकून गेले तर तो येकेका पाव्हण्याला येकेक खिलवंल. मी येईस्तो रस्साच ऱ्हाईल."

मी म्हटलं, मला जमणार नाही.

"फुकट नाय म्हणत. अर्धलीनं ठेव." मग तिने मला अर्धली समजावली. कोंबड्या तिच्याच. त्यांना बघायचं मी. अंडी मी खायची, आणि पिल्लं झाली तर निम्मी तिची, निम्मी माझी. तिच्या वाडीत अशीच चाल आहे. कागद नाही, साक्षीदार नाही.

"मला जनावरांचं काही कळत नाही, जिवले."

"पोरगी वाढवलीस ना? मग कोंबरी काय, तिला तर शाळा पन नको."

मी हो म्हटलं. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला घाम फुटला. माझी लेक उन्नती झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आणताना मी तिला आईच्या हातात दिलं होतं आणि स्वतः नुसती पिशवी धरली होती. पहिले दोन महिने आंघोळही आईनेच घातली. हे जिवलीला कुठे माहीत आहे.

ही डायरी ऑफिसने जानेवारीत दिली होती, आजपर्यंत कोरी होती. आता कोंबड्यांची वही.

२२ नोव्हेंबर

नवऱ्याने, विक्रांतने, त्याच्या कंपनीतून लाकडी पॅलेट आणून मागच्या अंगणात खुराडं केलं. खालून विटांवर उचललेलं, तीन बाजूंना फळ्या, पुढे दार, आणि वरच्या वीतभर भागात चारी बाजूंनी जाळी. फिटर माणूस, त्यामुळे दाराला कडी एवढी भक्कम की कोंबड्यांऐवजी वाघ राहिला असता.

जिवलीने डालग्यात घालून सगळी मंडळी आणली. डालगं म्हणजे बांबूची पालथी टोपली, सगळीकडून विरळ विणलेली. जागा ओळखीची होईपर्यंत एकेकीच्या पायाला चिंधी बांधून ठेवायला सांगितलं. सगळ्यांत म्हातारी ती भुरी. एक काळी आहे, चोच मारणारी. बाकीच्या तिघी मला अजून ओळखू येत नाहीत, त्याबद्दल मनातल्या मनात त्यांची माफी मागते. कोंबड्याचं नाव विक्रांतने 'साहेब' ठेवलं. कारण तो स्वतः काही करत नाही, फक्त फिरून बघतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

साहेब पहाटे साडेचारला आरवले. सहा वाजता शेजारचे श्रीपादकाका फाटकात उभे. मी आधीच माफी मागायला लागले.

"मागू नका," ते म्हणाले. "निवृत्त झाल्यापासून उठायला काही कारणच नव्हतं." आणि खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसले ते चहा होईपर्यंत.

विठाताईला फोन करायला दुपारपर्यंत धीर झाला नाही. तिचा उल्हासनगरात कॅम्प पाचला जीन्सचे धागे कापायचा छोटा कारखाना आहे, हाताखाली सहा बायका. फोनवर मागून मशिनी चालू असतात म्हणून ती नेहमी ओरडूनच बोलते. मी कोंबड्यांचं सांगितलं तर ती ओरडली नाही. 

"खुराड्याला वरून हवा आहे ना?" तिने विचारलं.

"आहे. जाळी आहे."

"मग ठीक."

एवढंच. ते वाक्य म्हणाली नाही. मी वाट बघत होते.

६ डिसेंबर

विक्रांत काल रात्रीच दादरला गेला, त्याच्या कंपनीतल्या लोकांबरोबर. मी सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि मागे गेले.

थंडी पडली. मोबाइल तेरा दाखवतो. बदलापुरात दरवर्षी पडते आणि दरवर्षी लोक एकमेकांना स्क्रीनचे फोटो पाठवतात, जणू आपणच पाडली. चार अंडी यायची तिथे आज एक. भुरीची पिसं गळतायत. मला वाटतं त्यांना थंडी वाजते.

दुपारभर व्हिडिओ बघितले. सगळे परदेशातले. गुडघाभर बर्फात एक बाई कोंबड्यांसाठी हीटर लावते, आणि कोंबड्याच्या तुऱ्याला थंडी बाधू नये म्हणून मलम चोळते. मलम नव्हतं म्हणून मी साहेबांच्या तुऱ्याला खोबरेल तेल लावलं. त्यांनी लावून घेतलं. नंतर दिवसभर माझ्याकडे पाठ करून उभे होते.

९ डिसेंबर

खाली अंथरायला काही मऊ हवं म्हणून ताईला कतरण मागितली. जीन्स शिवताना उरतात ते तुकडे, तिच्या शेजारच्या गोडाउनात ढीग पडलेले असतात. तिने टेम्पोवाल्याबरोबर दोन पोती पाठवली. जाड, नवं, गडद निळं कापड. वीतभर थर दिला. हात ठेवला तर गादीसारखं. कोंबड्यांनी आधी चोच मारून बघितलं, मग बसल्या.

उन्नतीला नागपूरला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, माझ्या हॉस्टेलच्या गादीपेक्षा भारी आहे."

१४ डिसेंबर

आज ऑफिसला सुट्टी, आणि मी अंगणात नुसती बसून होते. ते सगळं एकदा लिहून काढावं असं वाटलं.

तेव्हा आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो. आई मागच्या बाजूला कोंबड्या पाळायची. जानेवारीत एका कोंबडीखाली अकरा पिल्लं निघाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी गार वारा सुटला आणि मला त्यांची फार दया आली. ती आईच्या पंखाखाली होती, पण मला वाटलं, पंख म्हणजे काय, पिसंच. मी एकेक पिल्लू उचलून माझ्या पत्र्याच्या शाळेच्या पेटीत ठेवलं. खाली आईची शाल. झाकण पूर्ण लागू नये म्हणून मी फटीत लाकडी फूटपट्टी अडकवली.

निदान मला तसं आठवतं. कारण सकाळी झाकण घट्ट लागलेलं होतं आणि फूटपट्टी जमिनीवर पडलेली होती. अकराच्या अकरा मेली होती.

आई यायच्या आत ताईच ओरडली. चाळीतले सगळे जमले, आणि सगळ्यांच्या पुढे तिने ते वाक्य म्हटलं.  आईने पेटी घासून उन्हात ठेवली, आणि मी दहावीपर्यंत तीच पेटी वापरली.

फूटपट्टी मी नीट अडकवली नसणार. घसरली असणार. याचा मी इतक्या वेळा विचार केलाय की आता ती घसरताना मला दिसतेसुद्धा.

१७ डिसेंबर

बारा अंश. आमची कंपनी आनंदनगरला पॅकिंगचा माल बनवते, मी तिथे डिस्पॅचला आहे. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचा एक रोल थोडा फाटला म्हणून बाजूला टाकलेला होता, विचारून घरी आणला. संध्याकाळी खुराडं चारी बाजूंनी गुंडाळलं. वरची जाळीसुद्धा, कारण वारा तिथूनच येतो. कडांना चिकटपट्टी. आत हात घातला तर बाहेरच्यापेक्षा चक्क ऊब.

विक्रांत कामावरून आला, बघत राहिला.

"कुरिअरने पाठवतेस का त्यांना?"

"हसा. आज पहिल्यांदा त्या नीट झोपतील."

"वर 'नाजूक, जपून उचला' पण लिही."

मला फार छान वाटतंय. आज कुणी मला काही जिवंत दिलं तर मी घेईन.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी दार उघडलं तर साहेब बाहेर आले आणि त्यांचे पाय निळे. मग काळी. निळी. मग सगळ्याच. कापडाचा रंग पायांना लागलाय. श्रीपादकाका खुर्चीतून उठून चष्मा पुसून आले. "ही कुठली जात?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

पाण्याने धुतले, साबणाने धुतले, जात नाही. मी आणि विक्रांत पोट धरून हसलो. हातात कोंबडी, तिचा पाय बादलीत, आणि ती आमच्याकडे अशी बघते की आपण ब्युटी पार्लरला आलोय आणि काम नीट होत नाहीये.

कापड ओलं कशाने झालं ते कळलं नाही. पाण्याचं भांडं तर बाहेर आहे. प्लास्टिकला आतून थेंब होते, न्हाणीघरातल्या आरशासारखे. वासही जरा उग्र येतो, नाकाला झोंबणारा. दोघी शिंकत होत्या. म्हणजे एवढं करूनही थंडी लागतेच आहे. संध्याकाळी प्लास्टिकचा आणखी एक थर दिला.

२३ डिसेंबर

भुरी खाली उतरत नाही. पिसं फुलवून, मान आत घेऊन कोपऱ्यात बसलीय. एक डोळा चिकटलाय, श्वास घेताना घरघर ऐकू येते. दाणे हातावर धरले तर चोचही लावली नाही. जिवलीच्या बाकीच्या सगळ्या कोंबड्या याच भुरीच्या पोटच्या. ती गेली तर मी जिवलीला काय सांगू? की मी उबेत ठेवली होती?

ऑफिसमधून ताईला फोन केला. रडायचं नव्हतं, पण रडले.

"काय काय केलंस ते सांग," ताई म्हणाली.

मी सांगत गेले. प्लास्टिकपाशी आले तेव्हा मागच्या मशिनी बंद झाल्यासारख्या वाटल्या. बहुतेक ती बाहेर आली असावी.

"चारी बाजूंनी?"

"हो."

"वरूनपण? जाळीपण बंद केलीस?"

"वारा तिथूनच येतो ना, ताई."

फोन कट झाला. परत लावला तर उचलला नाही. आता ती कधी बोलेल आणि काय बोलेल ते मला माहीत आहे.

२४ डिसेंबर

सकाळी साडेसातला फाटकात रिक्षा. विठाताई. हातात कारखान्यातली मोठी कात्री. एवढ्या सकाळी उल्हासनगरहून यायचं म्हणजे ती पाचला उठली असणार. "जयभीम" नाही, चप्पल काढणं नाही, विक्रांत "या आक्का, चहा..." म्हणेपर्यंत ती मागच्या अंगणात होती.

तिने प्लास्टिक कापलं. सोडवलं नाही, कापलं, वरपासून खालपर्यंत, जाळीवरून आधी. आतून वाफ निघाली. मी लिहितेय ते खरं आहे, सकाळच्या थंड हवेत खुराड्यातून वाफ निघाली. मग तिने दोन्ही हातांनी कतरण बाहेर ओढली. खालचा थर चिंब, काळपट, वास डोळ्यांत जाणारा.

"त्यांच्याच श्वासाचं पाणी आहे हे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "कोंबडी अंगावर पिसांची गोधडी घेऊनच जन्मते. थंडी ती सोसते. कोंडलेली ओल सोसत नाही. खालून वारा अडवायचा, वरून कधीच नाही."

"तुला कसं माहीत?"

"विचारलं होतं एकदा. गुरांच्या डॉक्टरांना."

"कधी?"

"शाळेत असताना." आणि तिने विषय बदलला. "तूस कुठे मिळेल? भाताचं. ही जीन्स काढ, ही माणसांनी घालायची वस्तू आहे."

तिचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. भुरीला उचलून बाहेर आणायचं होतं, तर ताई मागे सरकली. "तू घे," म्हणाली. "मला नको देऊस." मी घेतलं. कोंबडी आजारी असली की किती हलकी लागते.

दुपारी अर्धी रजा टाकून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सोनिया मॅडमनी छातीला यंत्र लावून ऐकलं, डोळा पुसला, पाण्यातून द्यायचं औषध दिलं, पाच दिवस. "बरं झालं प्लास्टिक काढलंत. आणखी दोन रात्री गेल्या असत्या तर कठीण होतं." मग पाय उचलून बघितला. "हे काय आहे?"

"जीन्स," मी म्हटलं. त्यांनी केसपेपरवर काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

ताईला कोंबड्यांचं एवढं कसं माहीत, याचं मला नवल वाटतंय. तिच्या गॅलरीत साधी कुंडी नाही. घरी कोरफड नेऊन दिली होती तर दुसऱ्या दिवशी परत पाठवली, माती होते म्हणाली. भाचा प्रेम लहान असताना कासवासाठी किती रडला, पण आणलं नाही. शाळेत असताना तिने डॉक्टरांना कशाला विचारलं असेल? माझं पाप किती मोठं ते कळावं म्हणून?

२६ डिसेंबर

भुरीने कणी खाल्ली. सात दाणे. मोजले.

२८ डिसेंबर, रविवार

गिरणीतून तुसाची तीन पोती आणली. आता रोज सकाळी हात घालून बघते. मुठीत दाबलं आणि मोकळं सुटलं तर ठीक, गोळा झाला तर बदलायचं. वाऱ्याच्या बाजूला, उत्तरेला, गोणपाट लावलंय, तेही फळीच्या उंचीपर्यंतच. वरची जाळी उघडी. विक्रांतने बसायची काठी काढून रुंद पट्टी बसवली. कोंबडी पट्टीवर बसली की पाय पोटाखाली झाकले जातात, असं सोनिया मॅडम म्हणाल्या. झोपायच्या आधी मूठभर मका, तो पोटात असला की रात्रभर ऊब राहते. सकाळी पाणी कोमट.

प्लास्टिकमध्ये नव्हती एवढी अंडी आज उघड्या खुराड्यात आली. तीन.

पाय मात्र निळेच.

४ जानेवारी

नवी डायरी अजून मिळाली नाही. जुनीच्या जानेवारीच्या पानांवर लिहितेय, वार खोडून.

काळी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. दोन दिवस उठायला तयार नाही, हात नेला की फुगते आणि साप असल्यासारखा आवाज काढते. मीनाच्या फोनवर जिवलीला गाठलं.

"नऊ अंडी ठेव तिच्याखाली," जिवली म्हणाली. "उरली ती खा. कोंबऱ्या बऱ्या हायत ना?"

"बऱ्या आहेत. पाय जरा निळे झालेत."

"थंडीनं?"

"नाही. जीन्सने."

 जिवली म्हणाली, "मीनाला पोरगा झाला," आणि दोघी हसत सुटलो. माझं हसणं आनंदाचं होतं. तिचं बहुधा पायांचं.

ताईला म्हटलं, पिल्लं निघतील तेव्हा ये. "ऑर्डर आहे," म्हणाली. तारीखही न विचारता. तिला भरवसा वाटत नाही माझा, दुसरं काय.

२५ जानेवारी

सात. नवातली सात निघाली.

रोज ऑफिसला जाताना मी श्रीपादकाकांना राखण सांगते तर ते पहाटेपासून मफलर गुंडाळून बसलेलेच असतात. "सातव्याने मला बघितलं," ते म्हणाले. "पहिली ओळख माझीच आहे. लिहून ठेवा." ठेवलं.

२६ जानेवारी, सोमवार

हे सावकाश लिहायला हवं.

सुट्टीचा दिवस. संध्याकाळी पाचच्या सुमाराला उत्तरेचा वारा सुटला, मोबाइल अकरा दाखवायला लागला. मी खुराड्यासमोर उभी होते आणि हातात कंपनीचा पुठ्ठ्याचा खोका होता. मला सगळं माहीत होतं. सोनिया मॅडम, तूस, वरची हवा, सगळं. तरी खोका हातात होता. ती सात पिल्लं म्हणजे हळदीचे गोळे, आणि काळी तुसावर नुसती बसलेली. पंख म्हणजे काय, पिसंच.

"काय करतेयस?" मागून आवाज आला. विठाताई. फाटकातून कधी आली कळलंच नाही. ऑर्डर वगैरे काही नव्हती, हातात जिलबीचा पुडा होता.

"थोडा वेळच," मी म्हटलं. "आणि यावेळी झाकण उघडं ठेवीन. फूटपट्टी नीट अडकवीन, मागच्यासारखी पडणार नाही अशी."

ताईने पुडा पायरीवर ठेवला.

"फूटपट्टी पडली नव्हती, माये."

मला वाटलं ती माझी समजूत घालतेय.

"मांजर फिरत होती. तू झोपलीस. मी फूटपट्टी काढली आणि झाकण दाबून लावलं. मांजरीपासून वाचतील म्हणून. सकाळी मी आधी उठले आणि आधी बघितलं. मग आई यायच्या आत मी ते बोलले. कुणीतरी आधी बोलायचं होतं. मी बोलले."

ती कारखान्यातल्या बायकांना हिशेब सांगते तसं, एका दमात बोलली. मग हात मागे बांधून उभी राहिली.

 मी खोक्याकडे बघितलं. तेवढ्यात काळीने अंग फुलवलं, दुप्पट झाली, आणि घशातल्या घशात काहीतरी म्हणाली. सातही पिल्लं तिच्याखाली शिरली. एकही दिसेना. मग छातीच्या पिसांमधून एक डोकं बाहेर आलं, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेलं.

विक्रांत चहा घेऊन आला. "काय आक्का, कात्री नाही आणली आज?"

"आज नाही," ताई म्हणाली. कप दोन्ही हातांनी धरून म्हणाली, थंडी आहे तुमच्याकडे फार.

खोका मी मोडून रद्दीत ठेवला.

२९ जानेवारी

ताईचे दोन फोन उचलले नाहीत. राग आहे. हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते. तेरा वर्षांच्या मुलीवर रागावता येत नाही, आणि एकोणपन्नास वर्षांच्या बाईवर रागवावं तर ती पाचला उठून कात्री घेऊन आली होती. उन्नतीचे ते पहिले दोन महिने मला परत कोण देणार?

पिल्लं सात. आज दोघांनी साहेबांच्या पायावर चढून बघितलं. साहेब हलले नाहीत.

३१ जानेवारी

ती कोरफड परत का आली, ते आज भांडी घासताना कळलं. ते वाक्य ती मला एकदाच म्हणाली. स्वतःला किती वेळा म्हणाली असेल?

फोन केला. मशिनी चालू होत्या. ती ओरडून म्हणाली, "भुरीचा डोळा कसा आहे?" मी ओरडून म्हटलं, "उघडला." दहा मिनिटं आम्ही डोळ्याबद्दलच बोललो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जिवली आली. आधी एकेकीला उचलून पोटाखाली हात घालून वजन घेतलं. भुरीला जरा जास्त वेळ धरलं. मी प्लास्टिकचं सगळं सांगून टाकलं, लपवलं नाही. 

"मग आता काय करतेस?" तिने विचारलं.

मी दाखवलं. तूस, गोणपाट, वरची जाळी. तिने तूस मुठीत दाबून सोडलं.

"बरोबर हाय," म्हणाली. "माझी आई पन असंच करायची. तुला सांगायचं ऱ्हायलंच. मला वाटलं, सगळ्यांनाच येतं." मग साहेबांना उचललं आणि पायांचा उरलेला फिका निळा बघून इतकी हसली की पायरीवर बसली. "वाडीत नेते तसाच. म्हनीन शहरात शिकून आला."

पिल्लं अजून लहान, म्हणून काळी पिल्लांसकट पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे. बाकी सगळी डालग्यातून गेली. सातातली तीन तिची, तीन माझी. सातव्यावर आम्ही भांडलो. मी म्हणत होते तिचं, ती म्हणत होती माझं. शेवटी म्हणाली, "जिनं प्लास्टिक कापलं तिचं."

"ती नाही घेणार."

"इचारलंस?"

नाही विचारलं. अंगण आज मोकळं मोकळं वाटलं. श्रीपादकाका म्हणतायत, उद्या उठू कशासाठी.

११ फेब्रुवारी

ताईला मेसेज लिहिलाय. पाठवायच्या आधी इथे उतरवून ठेवते. उत्तर मला माहीत आहे. गॅलरीत घाण होते, कारखाना कोण बघणार, उल्हासनगरात कोंबडी कुणी पाळतं का, आणि हे सगळं म्हणून झाल्यावर शेवटी नुसतं 'नको'. तरी पाठवणार आहे.

"विठाताई, सात पिल्लांतलं एक तुझ्या वाट्याला आलंय. जिवलीने दिलंय, मी नाही. तपकिरी आहे, छातीवर पांढरा ठिपका. कोंबडीला एकटं करमत नाही, म्हणून माझ्यातलं एक जोडीला देते, ते अर्धलीने. म्हणजे माझंच, पण हातात तुझ्या. पिसं आली की रविवारी येऊन घेऊन जा. खोका आणू नकोस, डालगं मी देते. त्याला झाकण नसतं. नेशील?"